अफरवत: चढायचं पायी, उतरायचं गोंडोलाने

प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणचे पाच जण, वयं 26 ते 54, रसाळगड-सुमारगड-महिपतगड एका दमात करणारे. जूनच्या पहिल्या आठवड्यात विमानाने श्रीनगर, दुसऱ्या दिवशी गुलमर्गहून गोंडोलाने (केबल कारने) वर, तिथून अफरवत या डोंगराचा माथा आणि मग पायी खाली, असा बेत आहे. सगळ्यात मोठ्या सभासदाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. बर्फावर यातलं कोणीच कधी चाललेलं नाही. जमेल का, आणि तयारी काय करावी?

जमेल, पण बेत उलटा करावा लागेल. पायी चढा आणि गोंडोलाने उतरा. जूनचा पहिला आठवडा सोडा, गणपती आटोपले की निघा. हे दोन बदल केलेत तर तुमच्यासारख्या चालत्या माणसांना हा डोंगर अवघड नाही. नाही केलेत तर पाचातले दोघं-तिघं वरच्या स्टेशनवरच डोकं धरून बसतील.

आधी उंचीचे आकडे घ्या, कारण सगळं त्यावरच ठरतं. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे सुमारे 3,080 मीटरवर सोडतो. दुसरा टप्पा अफरवतच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटरवर. माथा साधारण 4,390 मीटरचा. आता आपल्याकडचं पाहा: महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे गुलमर्गच्या हॉटेलात चहा पिताना तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हजार मीटर वर असता. सह्याद्रीतल्या कितीही वाऱ्या केल्या असल्या तरी त्या उंचीचा शरीराला काडीचाही सराव झालेला नसतो. पायांना झालेला असतो, आणि तो उपयोगी पडतो. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समुद्रकाठी हवेचा दाब 100 धरला, तर गुलमर्गला तो 73 च्या आसपास असतो, दुसऱ्या टप्प्याच्या स्टेशनवर 62 आणि माथ्यावर 60 च्याही थोडा खाली. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर आधी श्वास वाढवतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कलीकडे झुकतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्याला दोन ते चार दिवस लागतात. तोवर रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटणं, पहाटे डोकं जड होणं, जेवण नकोसं होणं हे बऱ्याच जणांना होतं. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्याच्या सहलीत त्यांचा हिशोब धरूच नका.

इथे हमखास विचारलं जातं, की रोज शेकडो पर्यटक गोंडोलाने वर जातात, त्यात लहान मुलं असतात, आजी-आजोबा असतात, त्यांना कुठे काय होतं? बहुतेकांना होत नाही, कारण ते तासाभरात फोटो काढून खाली येतात. उंचीचा त्रास साधारणपणे वर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो, आणि श्रम केले तर लवकर. तुम्ही वर जाऊन आणखी 440 मीटर चढणार, मग 1,700 मीटर पायी उतरणार. म्हणजे सहा-सात तास त्याच उंचीच्या पट्ट्यात, तेही मेहनत करत. पर्यटकाची सूट तुम्हाला लागू होत नाही.

दुसरी अडचण घड्याळाची. गोंडोला उशिरा, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास सुरू होतो. रांग, पहिला टप्पा, मधली अदलाबदल, पुन्हा रांग असं करत खांद्यावर पोहोचेपर्यंत अकरा-साडेअकरा वाजतात. तिथून माथा दोन ते अडीच तास. म्हणजे ऐन दुपारी, ढग जमून विजा कडाडायच्या वेळेला तुम्ही उघड्या धारेवर. काश्मीरच्या डोंगरात उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाट होणं रोजचं आहे. आपल्याकडे वळवाच्या विजेला भिऊन माणूस झाडाखालून घरात पळतो. तिथे पळायला घर नाही. पहाटे चार वाजता पायी निघालेला माणूस बाराच्या आत माथ्यावर असतो आणि वीज जमायच्या आत गोंडोलात.

तिसरं कारण गुडघे. गुलमर्गपर्यंत पायी उतरणं म्हणजे सुमारे 1,740 मीटरची उतरण. समुद्रसपाटीपासून मोजलेली रायगडाची उंची दोनदा उतरलात तरी याच्याहून थोडी कमीच भरेल. शिवाय पायाखाली पायऱ्या नाहीत, सुटे दगड आहेत. थकलेल्या मांड्या, घसरती खडी आणि उतरण्याची घाई एकत्र आली की घोटे मुरगळतात. पडझड बहुतेक उतरतानाच होते.

आता महिना. जूनच्या पहिल्या आठवड्यात घळींमध्ये बर्फ शिल्लक असतो. हिवाळ्यात हाच उतार स्कीचा, त्यामुळे इथे बर्फ नुसता पडलेला नसतो, वाऱ्याने वाहून आणून खळग्यांत दाबून भरलेला असतो. उघडी धार मे महिन्यात मोकळी दिसते आणि शेजारच्या घळीत अजून माणूसभर थर असतो. पहाटे हा बर्फ काचेसारखा कडक, त्यावर साधा बूट धरत नाही. दहा-अकरानंतर तो इतका मऊ होतो की पाय मांडीपर्यंत आत जातो. मधला चालण्याजोगा काळ दोन-तीन तासांचा. खांद्याच्या थोडं खाली असलेल्या अल्पथर सरोवरातही या दिवसांत बर्फ तरंगत असतो. फोटोला छान दिसतं, पण वाटेसाठी ते वाईट लक्षण समजा.

बर्फाखाली ओढा वाहत असेल तर वरचा थर खालून विरघळून पोकळ होतो. वरून पाहणाऱ्याला सपाट पांढरी पट्टी दिसते. ओळखायच्या खुणा अशा: मधोमध बर्फ थोडा खचलेला, रंग पांढऱ्याऐवजी राखाडी किंवा निळसर, खालून पाण्याचा आवाज, वर किंवा खाली कुठेतरी ओढा उघडा झालेला. मोठ्या खडकाच्या कडेलाही बर्फ पोकळ असतो, कारण खडक उन्हाने तापतो आणि शेजारचा बर्फ आतून वितळतो. काठीने टोचून पाहिल्याशिवाय पाय टाकू नका, आणि शंका आली तर सरळ वळसा घ्या. तरुण मंडळींना बर्फावरून बसून घसरायचा मोह होतो. उन्हाळ्यातल्या घळीत बर्फाची पट्टी जिथे संपते तिथे दगड असतात, आणि थांबायचं साधन हातात नसतं. हा खेळ करायचा नाही, हे पाचही जणांना घरीच बजावून ठेवा.

जूनची तिकिटं रद्द होत नसतील तर निदान महिन्याच्या शेवटाकडे सरका. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ जवळजवळ नसतो, पण तेव्हा आपल्याकडे लावणी, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक सुरू झालेलं असतं. तिथेही अधूनमधून पाऊस असतो, आपल्या मानाने किरकोळ. खरा काळ सप्टेंबरचा उत्तरार्ध. गौरी-गणपती बहुतेक वर्षी झालेले असतात, तिकडे आभाळ निवळलेलं, वाट कोरडी, अल्पथर निळं. फक्त पहाट थंड, वर शून्याच्या आसपास. ऑक्टोबर उजाडला की पहिल्या बर्फाची शक्यता धरावी लागते.

गाडीने जायचं तर बांद्रा टर्मिनसहून कटऱ्यापर्यंत स्वराज एक्सप्रेस आहे, आणि जून 2025 पासून कटऱ्याहून श्रीनगरला थेट वंदे भारत जाते. वाटेत 359 मीटर उंचीचा चिनाब पूल लागतो. त्याच्या उभारणीची जबाबदारी आपल्या कोकण रेल्वे महामंडळाकडे होती, तेव्हा खिडकीची जागा मागायला हरकत नाही. विमानाने गेलात तरी चालेल; श्रीनगरची उंची त्रास देण्याइतकी नाही. गुलमर्गला त्याच दिवशी पळू नका एवढंच.

दिवसांची आखणी अशी ठेवा. पहिली रात्र श्रीनगर. दुसऱ्या दिवशी टंगमर्गमार्गे गुलमर्ग, सुमारे 50 किलोमीटर. दुपारी मैदानाभोवती तास-दीड तास रमतगमत चाला, संध्याकाळी गरम सूप, झोप लवकर. तिसऱ्या दिवशी पायी खिलनमर्ग हे वरचं कुरण आणि जमलं तर कोंगडोरीपर्यंत, वर तासभर बसून पुन्हा गुलमर्गला मुक्काम. दिवसा उंच जायचं आणि रात्री खाली झोपायचं, या पद्धतीचा फायदा ठरलेला आहे. चौथा दिवस मोकळा: ज्याला बरं वाटतंय त्याने अर्धा दिवस 3,400-3,500 मीटरपर्यंत चढून यावं, ज्याला डोकेदुखी आहे त्याने हॉटेलात पडून राहावं. पाचवा दिवस माथ्याचा. सहावा राखीव, हवामानासाठी. हा सहावा दिवस कापायचा मोह सगळ्यांना होतो आणि नेमक्या त्याच वेळी पाचव्या दिवशी पाऊस लागतो.

माथ्याच्या दिवसाचा हिशोब मांडून पाहा. सह्याद्रीत तुम्ही ताशी 350-400 मीटर चढत असाल. गुलमर्ग ते कोंगडोरी 430 मीटर, याला दीड तास. कोंगडोरी ते खांदा 870 मीटर, ताशी 230-250 च्या वेगाने साडेतीन ते चार तास. खांदा ते माथा 440 मीटर, दोन ते अडीच तास. थांबे धरून आठ तास. चारला निघालात तर बाराला वर. साडेबारा ही परत फिरायची वेळ. माथा पन्नास मीटरवर दिसत असला तरी फिरायचं. ही वेळ आदल्या रात्री ठरवा आणि घड्याळ सांभाळायचं काम अशा माणसाला द्या ज्याला माथ्याची सगळ्यात कमी घाई आहे.

वेग बोलता येईल इतकाच ठेवा. सलग वाक्य बोलताना धाप लागली तर वेग जास्त आहे. तुमच्यासारख्या कसलेल्या गटात हीच चूक होते: पाय साथ देतात, पहिल्या दोन तासांत वेळ वाचवल्याचं समाधान मिळतं आणि 3,600 मीटरच्या पुढे तीच माणसं दर वीस पावलांना थांबतात. नवख्यांपेक्षा तंदुरुस्त तरुणांना उंचीचा त्रास जास्त होताना दिसतो तो यामुळेच. उंचीचा त्रास दमसासावर ठरत नाही, किती वेगाने वर गेलात यावर ठरतो.

वाटेबद्दल. गुलमर्गच्या मैदानातून फर-कैलच्या झाडीतून खिलनमर्गच्या कुरणापर्यंत वाट मळलेली आहे, घोडेवाल्यांनी रुंद केलेली. झाडं संपली की उघडा उतार लागतो: आधी गवत, मग खडी, मग मोठे दगड. गोंडोलाच्या तारांखालून नाकासमोर चढू नका. सरळ रेषेत ती जागा उभी आणि मोकळ्या खडीची आहे, आणि वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या अंगावर येतो. घोड्यांची नागमोडी वाट लांब वाटते, पण वेळ तितकाच लागतो. खडीवर एकामागे एक न चालता तिरके, एकमेकांच्या खाली न येता चढा. खांद्यानंतर धार आहे. तिथे दगड मोठे आणि बहुतेक पक्के, पण प्रत्येकावर भार टाकण्याआधी तो हलतो का ते पाहा.

एक गोष्ट स्कीच्या डोंगरालाच लागू आहे आणि फार कमी जण सांगतात. इंटरनेटवर अफरवतचे जे जीपीएस ट्रॅक मिळतात त्यातले बरेच हिवाळ्यात स्की करणाऱ्यांनी नोंदलेले असतात. त्यांच्या पायाखाली काही मीटर बर्फ होता. त्या रेषा घळींमधून, दगडांच्या राशींवरून, कधी लहान कड्यावरूनही बिनधास्त जातात, कारण तेव्हा ते सगळं बुजलेलं होतं. उन्हाळ्यात त्या रेषेवर चालायला गेलात तर अडकाल. ट्रॅक घेताना नोंदीचा महिना पाहा आणि जून ते सप्टेंबरमधलाच घ्या. हिवाळ्यातले फोटो पाहून उताराचा अंदाजही बांधू नका. बर्फ सगळं गोल आणि सौम्य दाखवतो.

धुकं आलं तर गोंडोलाचे मनोरे दिशा दाखवायला उपयोगी पडतात. एकापासून दुसरा दिसेपर्यंत थांबायचं, मग पुढे. मात्र गडगडाट सुरू असेल तर त्याच मनोऱ्यांपासून आणि धारेपासून दूर, उतारावरच्या सखल भागात जायचं, काठ्या बाजूला ठेवायच्या आणि एकमेकांत अंतर ठेवून उकिडवं बसायचं.

कुरणांवर उन्हाळ्यात गुज्जर-बकरवालांचे मेंढ्यांचे कळप असतात. त्यांचे कुत्रे लांडगा-अस्वलाशी भिडायला पाळलेले आहेत, कोणाचे लाड करून घेणारे नव्हेत. कळपाला लांबून वळसा घाला, मध्ये शिरून फोटो काढू नका, कुत्रा अंगावर आला तर पळू नका. उभे राहा, काठी पुढे धरा, मेंढपाळाला हाक मारा.

आता घरची तयारी. सप्टेंबरला जायचं तर सराव जून-जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे भर पावसात करावा लागणार. तेव्हा घाटरस्त्यांवर दरडी असतात, जंगलवाटा बंद असतात, जांभ्यावर शेवाळ असतं. त्यामुळे लांबचे ट्रेक शोधत बसण्यापेक्षा जवळच्या पायऱ्या पकडा. गोवळकोटचा गोविंदगड लहान आहे, पण पाठीवर सहा-सात किलो घेऊन त्याच्या लागोपाठ फेऱ्या मारल्या तर माणूस घाम गाळतो. तेही जमत नसेल तर चार मजल्यांची इमारत घ्या: एक फेरी साधारण 12 मीटर, पन्नास फेऱ्यांत 600 मीटर. कंटाळवाणं आहे, कबूल. पण चढ-उतार दोन्ही होतात आणि तेच हवं. आठवड्यातून दोनदा पायऱ्या, एकदा दोन-तीन तासांची सलग चाल, आणि एक दिवस नुसता उतरणीचा व्यायाम: पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंदांत हळू खाली टेकवायची, प्रत्येक पायाचे पंधरा, असे तीन वेळा. गुडघ्याचा खरा विमा तोच. रत्नागिरीला फेरी झाली तर भाट्याच्या मऊ वाळूत अनवाणी तासभर चाला. घोट्याभोवतीचे लहान स्नायू खडीवर लागतात तेच इथे कामाला लागतात. दहा ते बारा आठवडे पुरे. निघण्याआधीचे सात दिवस हलके ठेवा.

उन्हाळ्यात, मेअखेरपर्यंत सराव करायची सोय असेल तर चोरवण्याहून नागेश्वरची चढण उत्तम आहे: कोकणच्या तळापासून घाटमाथ्यापर्यंत एका दमात उंची मिळते. वनखात्याची परवानगी मात्र आधी पाहा.

कपड्यांत सुती काही नको. कोकणात सुती बनियन अंगाला गार ठेवतं, तिथे तेच घामाने भिजून वाऱ्यात अंग गारठवतं. आत घाम शोषून लवकर वाळणारा थर, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं जॅकेट. आपल्याकडचा पोंचो धारेवर वाऱ्याने डोक्यावर उलटतो, तो खालीच ठेवा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. गुलमर्गला 20 असेल तर माथ्यावर 9, आणि वारा असेल तर त्याहून बरंच कमी जाणवतं. कानटोपी, हातमोजे, जास्तीचे लोकरीचे मोजे. बूट घोटा झाकणारे, तळ कडक, खाचा खोल. पावसाळी ट्रेकला ओल्या कातळावर चिकटणारे मऊ तळाचे बूट इथे खडीवर तळव्याला टोचतात. जूनमध्येच गेलात तर बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक (बर्फात रुतणारे दाते) प्रत्येकी एक जोड आणि काठ्यांना रुंद चकत्या हव्यातच. सप्टेंबरला त्यांचं ओझं नेऊ नका. चष्मा चांगला घ्या, कडेने झाकणारा. दर हजार मीटरला अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, आणि बर्फ ते खालूनही परतवतो. नाकपुड्यांच्या आतल्या बाजूला आणि हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा.

पाण्याचं किनाऱ्यावरच्या माणसाला हमखास चुकतं. आपल्याला घाम दिसला की तहान आठवते. तिथे हवा कोरडी, घाम दिसायच्या आत उडतो, आणि भरभर श्वासातूनही पाणी जातं. दिवसाला तीन ते चार लिटर, घोट घोट. खिलनमर्गच्या पुढे भरवशाचं पाणी धरू नका, निदान तीन लिटर पाठीवर घ्या. ओढ्याचं प्यावंच लागलं तर वर मेंढ्या आहेत हे लक्षात ठेवा. क्लोरीनच्या गोळीला थंड पाण्यात जास्त वेळ लागतो, म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दुप्पट थांबा. एका बाटलीत कोकम सरबत, चिमूटभर मीठ जास्त घालून. गोड खाववत नाही तेव्हाही ते आंबटपणामुळे घशाखाली उतरतं.

खाणं दर पाऊण तासाला, भूक लागो न लागो. उंचीवर भूक मरते आणि तळलेलं नको वाटतं. आंबापोळी, फणसपोळी, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, शेंगदाण्याचे लहान लाडू. आंबापोळीचे पट्टे आधीच कापून वरच्या खिशात ठेवा. हातमोजे न काढता तोंडात टाकता येतात. चॉकलेट थंडीत दगड होतं.

आता 54 वर्षांच्या सभासदाबद्दल. वय हे अडचणीचं कारण नाही. रक्तदाब आटोक्यात असेल तर बहुतेकांना जाता येतं, पण निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांना उंचीचा नेमका आकडा सांगून विचारा. गोळी कोणती आहे याला महत्त्व आहे: लघवी वाढवणारी असेल तर वर पाणी आणि पोटॅशियम दोन्ही कमी पडू शकतात. इसीजी आणि हिमोग्लोबिन पाचही जणांनी पाहून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर दोन महिन्यांत ते सुधारता येतं, शेवटच्या आठवड्यात नाही.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांना बायकार्बोनेट लवकर बाहेर टाकायला लावते, म्हणजे जे शरीर चार दिवसांत करतं ते लवकर होतं. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि लघवीची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांशिवाय हात लावायचा नाही. घेणार असाल तर आधी घरी दोन दिवस घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव विचित्र लागते, रात्री उठावं लागतं. वर दिलेली आखणी पाळलीत तर धडधाकट माणसाला ती लागेलच असं नाही. घाईची भरपाई म्हणून ती घेऊ नका.

त्रास ओळखायचा कसा? डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, गळून जाणं किंवा चक्कर, यातलं काहीही असेल तर तो उंचीचा त्रास माना, पित्त किंवा जागरण मानू नका. त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. आराम आणि साधी पॅरासिटामोल घेऊन त्रास कमी झाला नाही तर खाली जायचं. दोन लक्षणं अशी आहेत की तिथे चर्चा नको: सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालता येत नाहीत, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला आहे. पहिलं मेंदूला सूज आल्याचं लक्षण, दुसरं फुप्फुसात पाणी झाल्याचं. दोन्हीत लगेच, रात्र असली तरी, निदान हजार मीटर खाली. गुलमर्गहून टंगमर्गला रुग्णालय आहे, पुढे श्रीनगरला एसएमएचएस आणि सौऱ्याचं स्किम्स. आजारी माणसाला एकट्याने उतरवायचं नाही, आणि बाकीच्यांनी माथा करून यायचं हेही नाही. ऑक्सिमीटर न्या, पण त्याच्या आकड्याची स्पर्धा लावू नका. गार बोटांवर तो खोटं दाखवतो, आणि चार हजार मीटरवर ऐंशीच्या घरातला आकडा धडधाकट माणसाचाही असू शकतो. लक्षणं आधी, आकडा नंतर.

परवानगीकडे दुर्लक्ष नको. नियंत्रण रेषा इथून फार लांब नाही, वरच्या भागात लष्कराचा वावर असतो, आणि खांद्याच्या पुढे कुठवर जाऊ देतात हे त्या-त्या वेळच्या परिस्थितीवर ठरतं. गुलमर्गला पोहोचल्या दिवशीच पर्यटन खात्याच्या कचेरीत आणि पोलिसांकडे विचारा, नोंदणी असलेला स्थानिक गाइड घ्या, पाचही जणांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा. चौक्यांचे फोटो नकोत, ड्रोन तर घरीच ठेवा. जमिनीवर अनोळखी लोखंडी वस्तू दिसली तर हात लावू नका. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. निदान दोघांकडे, वेगवेगळ्या कंपन्यांचं, पोस्टपेड हवं.

गोंडोलाची तिकिटं केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन मिळतात, दोन्ही टप्प्यांची वेगळी, आणि दुसऱ्या टप्प्याची आधी संपतात. पायी चढून नुसतं उतरायला बसू देतात का आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशी स्टेशनवर समोरासमोर विचारून घ्या. नसेल सोय तर त्या दिवसाचं पूर्ण तिकीट काढून चढतीची फेरी सोडून द्या. गुडघ्यांच्या मानाने ते स्वस्त आहे. पण वाऱ्यात आणि विजेत गोंडोला थांबतो, कधी तासभर, कधी उरलेला दिवस. म्हणून खांद्यावर परत याल तेव्हा पायी उतरण्याइतकी ताकद, एक लिटर पाणी आणि हेडलॅम्पची बॅटरी शिल्लक असली पाहिजे. नसेल असं चढतानाच वाटलं, तर खांदा हाच त्या दिवसाचा माथा समजा.

शिखर बंद असेल तर खांद्यापर्यंत पायी चढणंच 1,300 मीटरचं होतं, आणि जाऊ देत असतील तर तिथून अल्पथरला वळता येतं. सरोवर सुमारे 3,840 मीटरवर आहे, म्हणजे खांद्यावरून किंचित खाली. परतताना तेवढं पुन्हा चढावं लागतं, हे वेळेच्या हिशोबात धरा.